आधी राक्षसाचे नियम, मग मारामारी

प्रश्न थोडक्यात असा: राक्षसाशी लढणाऱ्या चौघांवरची थरारक कादंबरी, मसुदा ९०,००० शब्दांचा, त्यात ११ लढाया. तरीही वाचणारे सांगतात की निम्म्यावर पुस्तक खाली ठेवावेसे वाटते, आणि शेवटी राक्षस मरतो तेव्हा काहीच वाटत नाही. वेग कुठे कमी पडतो आहे?

वेग लढायांतून येत नाही. पुढच्या क्षणी काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही हे वाचकाला ठाऊक असते, म्हणून तो पान उलटतो. कबड्डीत मध्यरेषेला नुसते बोट टेकले तरी चढाई साधली, हे माहीत असलेला प्रेक्षक श्वास रोखून बघतो. ज्याला ते माहीत नाही त्याला नुसती झोंबाझोंबी दिसते. अलौकिक कथेत हे जास्तच खरे, कारण इथे रोजच्या जगाचे नियमही वाचकाच्या हातून काढून घेतलेले असतात. राक्षस भिंतीतून येऊ शकतो की नाही हे कळलेले नसेल, तर दाराला कडी घालणाऱ्या नायिकेकडे पाहून वाचकाच्या छातीत कशाला धडधडेल? अकरा लढाया असूनही कंटाळा येतो तेव्हा बहुतेक वेळा दुखणे इथेच असते. बारावी लढाई घालून ते बरे होणार नाही.

पुराणांतले राक्षस लक्षात राहिले ते त्यांच्या अटींमुळे. हिरण्यकशिपूला दिवसा मरण नाही आणि रात्री नाही, घरात नाही आणि बाहेर नाही, माणसाकडून नाही आणि पशूकडून नाही, शस्त्राने नाही. नरसिंह यातली एकही अट मोडत नाही. संधिकाल, उंबरठा, मांडी, नखे: उत्तर पहिल्यापासून त्या यादीतच पडलेले होते. देवीमाहात्म्याच्या आठव्या अध्यायातल्या रक्तबीजाची रचना वेगळी. त्याच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की तिथून तसाच दुसरा उभा राहतो, म्हणजे जितका नेमका वार तितका मोठा घात. मग काली तोंड पसरते आणि रक्त जमिनीला लागण्याआधीच पिते. भस्मासुराची शक्तीच त्याच्या डोक्यावर येते. बंद यादीतली फट, उलटणारा वार आणि मालकावर फिरणारे शस्त्र, अशी ही तीन यंत्रे झाली. जगभरच्या राक्षसकथा चाळल्या तरी बरेचदा यांतलेच एखादे सापडते. चौथे हवे असेल तर प्राचीन मेसोपोटेमियात आहे: बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांवर उठणाऱ्या लमाश्तूला पळवण्यासाठी तिथले लोक पाझुझू या दुसऱ्या दुष्ट शक्तीच्याच मूर्ती जवळ बाळगत. राक्षसाला राक्षसाने अडवायचे आणि अडवणाऱ्याची किंमत नंतर मोजायची, यावर एक अख्खी कादंबरी उभी राहते.

म्हणून पहिले काम हे: राक्षसाचे नियम एका कागदावर, जास्तीत जास्त सहा वाक्यांत लिहा. तो कसा शिरतो, किती वेळ राहतो, कसा निघतो, काय करू शकत नाही, त्याला हवे काय, आणि त्याला हाकलण्याची किंमत कोण देतो. शेवटचे दोन मुद्दे लोक गाळतात, आणि कादंबरी तिथेच निर्जीव होते. 'जगाचा नाश' हे काही हवेपण नाही. राक्षसाला काहीतरी मोजता येण्यासारखे, मुदतीचे आणि माणसाकडूनच मिळणारे हवे असले पाहिजे.

नमुन्यासाठी एक घडवू. नाव जागल्या. तो फक्त झोपलेल्या माणसात शिरतो. तो माणूस झोपण्याआधी जितके तास जागा होता तितकेच तास ते शरीर जागल्याचे. मध्येच सोडून जाणे त्यालाही शक्य नाही. मुदत संपली की शंभर पावलांच्या आत जो सर्वांत जवळचा झोपलेला असेल त्याच्यात त्याला जावेच लागते. असे कोणीच नसेल तर जागल्या संपतो, पण संपताना त्या शरीराचे हृदय थांबवतो: ताब्यातल्या दर तासामागे सहा सेकंद. आणि त्याला हवे आहे सलग १६८ तासांचे, म्हणजे सात दिवसांचे शरीर; तेवढे मिळाले की ते कायमचे त्याचे.

आता बेरीज-गुणाकार करा, कारण भीती त्यातच आहे. ४० तास ताब्यात असलेल्या माणसाचे हृदय २४० सेकंद, म्हणजे चार मिनिटे थांबेल. ६० तास असतील तर सहा मिनिटे. रक्तपुरवठा बंद पडला की साधारण चार-पाच मिनिटांनी मेंदूला कायमची इजा होऊ लागते. तेव्हा चाळीस तास आणि साठ तास यांतला फरक वाचकाला विशेषणांनी समजावावा लागत नाही. शिवाय चौघांपुढचा (त्यांना रेवा, निनाद, बापू आणि सायली म्हणू) पेच आपोआप तयार होतो: झोपलो तर तो शिरेल, आणि जितके जास्त जागू तितकी शिरल्यावरची मुदत लांबेल. सुरक्षिततेचा प्रत्येक तास पुढचे कर्ज वाढवतो. असा पेच नियमातच असला की लढाई नसलेल्या पानांवरही कादंबरी पळते. चहाच्या टेबलावर एकाने जांभई दिली तरी पुरे.

कागदावर नियम आले की त्यांना भोके पाडायला बसा. डुलकी म्हणजे झोप का? शिरण्यासाठी हो, पण जागेपणाचा हिशेब शून्यावर येण्यासाठी सलग एक तास झोप हवी. हे ठरवले नाही तर तुमची पात्रे दर तासाला पाच सेकंद डोळे मिटून राक्षसाला फसवतील आणि हुशार वाचक ते पहिल्या पन्नास पानांतच ओळखेल. बेशुद्धी आणि भूल म्हणजे झोप का? हो धरा, पुढे ते सोन्यासारखे उपयोगी पडते. ताब्यातले शरीरच मारून टाकले तर? मुदत तिथेच संपली असे धरायचे. मग ताब्यातल्या माणसाला निर्जन जागी बांधून ठेवणे किंवा मारणे हा सोपा, क्रूर आणि बिनचूक उपाय कादंबरीत उघडाच राहतो. तो लपवू नका. चौघांपैकी सर्वांत शहाण्या माणसाला तो मोठ्याने मांडू द्या, आणि बांधलेला माणूस नायिकेचा भाऊ असू द्या. तान्ह्या बाळाचे काय? नवजात बाळ तासाभराच्या जागेपणानंतर पुन्हा झोपते, म्हणजे जागल्याला तिथे जेमतेम तासाभराचा आसरा. ही जागा एखाद्या पाठलागासाठी राखून ठेवा.

तपासणीची रीत साधी आहे. तो कागद एखाद्या चलाख माणसाला द्या, कथा सांगू नका, आणि विचारा: याला पाच मिनिटांत हरवून दाखव. जे उपाय निघतील त्यांतला प्रत्येक उपाय एक तर पुस्तकात कोणीतरी करून बघितला पाहिजे, नाहीतर तो का चालणार नाही हे एका ओळीत कळले पाहिजे. 'पोलिसांना का सांगितले नाही' हा प्रश्नही यातच येतो.

नियमाला खऱ्या जगाचा आधार जितका घट्ट, तितका वाचक अलौकिक भाग मुकाट्याने मानतो. निद्रानाशाबद्दल पुष्कळ पक्की माहिती उपलब्ध आहे. सलग १७ ते १९ तास जागलेल्या माणसाच्या प्रतिक्रिया रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारख्या मंदावतात. २४ तासांना त्या ०.१० टक्क्यांच्या आसपास जातात. त्यानंतर काही सेकंदांच्या डुलक्या सुरू होतात, कधी कधी डोळे उघडे असताना, आणि त्या लागल्याचे माणसाला स्वतःला कळत नाही. १६८ तास हा आकडाही हवेतला नाही: रँडी गार्डनर हा १७ वर्षांचा अमेरिकन मुलगा डिसेंबर १९६३ ते जानेवारी १९६४ या काळात २६४ तास जागा राहिला होता. म्हणजे जागल्या कोणालातरी मुद्दाम सात दिवस जागे ठेवतो आहे हे शक्यतेच्या कक्षेत येते. तीस तासांनंतर तुमच्या पात्रांना शब्द आठवू नयेत, त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा, क्षुल्लक कारणावरून चिडावे, डोळ्यांच्या कडेला काही हलल्याचा भास व्हावा. तीन दिवस न झोपलेला नायक खिडकीतून नेम साधतो आणि पल्लेदार वाक्ये बोलतो, हे वाचकाला राक्षसापेक्षा अशक्य वाटते.

डॉक्टर पात्र असेल तर त्याला मूर्ख करू नका. ही या प्रकारातली सर्वांत जुनी आणि सर्वांत आळशी सवय. एक खरा आजार आहे, २००७ मध्ये वर्णन झालेला, ज्यात शरीराची स्वतःची प्रतिपिंडे मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांवर, म्हणजे पेशींवरच्या संदेश टिपणाऱ्या रेणूंवर, हल्ला करतात. अनेकदा तरुण स्त्रियांना होतो. अचानक बदललेले वागणे, भ्रम, झटके, तोंडाच्या आणि हातांच्या विचित्र हालचाली. बाहेरून बघणाऱ्याला झपाटल्यासारखेच वाटेल, आणि उपचारांनी बहुतेक रुग्ण सुधारतात. चांगला डॉक्टर आधी हे तपासेल. झोपेतला लकवाही असाच: स्वप्नांच्या झोपेत शरीराचे स्नायू बंद असतात, कधी मेंदू त्यांच्या आधी जागा होतो, मग हलता येत नाही, छातीवर वजन जाणवते, खोलीत कोणीतरी असल्याची खात्री वाटते. जागल्याच्या कादंबरीत हा खोटा इशारा एकदा वापरायलाच हवा. एकदाच. डॉक्टरचे स्पष्टीकरण जितके पटणारे, तितका ते कोसळतानाचा आवाज मोठा.

आता लढाया. अकराच्या पाच करा. प्रत्येकीला एक प्रश्न विचारा: ही संपल्यावर चौघांना कोणता नियम नव्याने कळला, किंवा काय कायमचे गेले? दोन्हीचे उत्तर नाही असेल तर ती लढाई काढा, कितीही छान उतरलेली असली तरी. राहिलेल्या पाचांचा क्रम साधारण असा बसतो. पहिलीत काहीच न कळता हार. दुसरीत एक नियम हाती लागतो. तिसरीत त्या नियमावर विसंबून डाव टाकतात आणि नियम अर्धाच कळला होता म्हणून कोणीतरी जाते. ही पुस्तकाच्या मध्यावर हवी. चौथीत राक्षस तोच नियम त्यांच्यावर उलटवतो. पाचवी शेवटची. मधला भाग रेंगाळतो तो बहुधा तिसरी लढाई नसल्यामुळे: दुसरीच लढाई जागा आणि राक्षसाचे रूप बदलून चार वेळा लिहिलेली असते, आणि वाचकाला ती सावली ओळखू येते.

शेवटची सोडली तर एका लढाईला ८०० ते १,२०० शब्द पुरतात. आधी खोलीचा नकाशा काढा; त्यात ठळक वस्तू तीनच, आणि त्या लढाई सुरू होण्याआधी वाचकाने पाहिलेल्या असाव्यात. ऐन झटापटीत प्रथमच उगवलेली कुऱ्हाड लेखकाने आणून ठेवलेली दिसते. शरीराचे भान ठेवा. पूर्ण ताकदीचा जोर दहाएक सेकंद टिकतो आणि मिनिटभरात हात शिशासारखे होतात, तेव्हा पाच मिनिटांची हातघाई लिहायची असेल तर मध्ये लपणे, धरून ठेवणे, दम खाणे आलेच. भीतीने बोटांची बारीक कामे जातात: किल्ली कुलपात जात नाही, सुई शिरेला सापडत नाही, काडी पेटत नाही. प्रौढ माणसात रक्त सुमारे पाच लिटर. पाऊण लिटर गेले तरी तो चालता-बोलता असतो, दीड लिटरच्या पुढे नाडी धावते आणि बोलणे भरकटते, दोन लिटर गेल्यावर जीवच धोक्यात. डोक्याला मार लागून दहा मिनिटे बेशुद्ध पडलेला माणूस उठून धावत नाही. तेवढी बेशुद्धी ही गंभीर इजा असते. क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाला लावताक्षणी कोणी कोसळत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे जातात आणि विजेरीच्या एका झोताने ती कमाई बुडते. हा शेवटचा तपशील तर आयता प्रसंगच आहे: विजेरी लावली तर एक क्षण दिसेल, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

भाषेकडे येऊ, कारण मराठीत राक्षसकथा लिहिणाऱ्याच्या हाती काही हत्यारे अशी आहेत की ती न वापरणे हा अन्याय आहे.

पहिले, नपुंसकलिंग. निनाद हा 'तो'. जागल्या शिरल्यापासून निवेदनात निनादचे नाव बंद करा आणि 'ते' सुरू करा. 'त्याने मान वळवली' च्या जागी 'त्या शरीराने मान वळवली. ते हसले.' काहीही समजावू नका; वाचकाच्या पाठीतून सर्रकन काटा जाईल. दुसरे, प्रथमपुरुषी क्रियापद. मराठीत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात उघडे पडते. दाराबाहेरून रेवाचा आवाज येतो, 'उघड ना, मी आलो.' एका मात्रेत सगळे संपले. सावधगिरी एवढीच की दक्षिण महाराष्ट्राच्या काही बोलींत बायकाही 'मी आलो', 'मी जातो' असे सहज म्हणतात. तेव्हा रेवाची नेहमीची बोली पहिल्या प्रकरणापासून 'आले, गेले' अशी पक्की करून ठेवा. तिसरे, 'आम्ही' आणि 'आपण'. चौघे मिळून 'आपण' म्हणत आले आहेत. एका रात्री बापू म्हणतो, 'आम्ही उद्या निघू.' ऐकणारा त्या 'आम्ही'त नाही. बापू कधी झोपला होता, हा प्रश्न वाचक स्वतःहून विचारतो आणि मागची पाने चाळू लागतो. चौथे, तू आणि तुम्ही. आयुष्यभर मुलाला 'अरे' म्हणणारी आई एकदम 'बसा' म्हणाली तर कुठल्याही घोगऱ्या आवाजाची गरज उरत नाही.

आता वेगाचे व्याकरण. मराठीत क्रियापद शेवटी येते, म्हणजे लांब वाक्यात घाव सर्वांत शेवटी पोचतो. 'दाराच्या मागे लपून बसलेल्या, हातात कोयता घेतलेल्या त्या आकृतीने जोरात ओरडत त्याच्या अंगावर झेप घेतली.' झेप येईपर्यंत वाचक थकला. त्याऐवजी: 'दार हलले. आधी कोयता आला. मग हात. मग ते.' दुसरी अडचण '-ऊन'ची माळ. 'ती उठून, सुरी उचलून, वळून दाराकडे धावली' यात उठणे, उचलणे, वळणे सगळे निसटते आणि फक्त धावणे दिसते. जिथे कृती बिनमहत्त्वाच्या आहेत तिथे ही माळ उत्तम, चार पायऱ्या एका दमात उतरवते. जिथे प्रत्येक कृतीत काही बिघडू शकते तिथे ती तोडा: 'ती उठली. सुरी जागेवर नव्हती. तशीच वळली.' तिसरी, 'धावत होता, ओरडत होती, तुटत होते' अशी चालू क्रिया. लढाईत हे सगळे अधांतरी तरंगते, काही पुरे होत नाही. लढाईच्या पानांवरचे प्रत्येक 'होता-होती-होते' शोधा आणि निम्म्याहून अधिक उडवा. खाडकन, धाडकन, फटकन हे शब्द मराठीची ताकद आहेत, पण एका लढाईत दोनच, नाहीतर पान खुळखुळ्यासारखे वाजते. आणि मारामारीत दोन 'तो' किंवा दोन 'ती' असतील तर सर्वनामे सोडून सरळ नावे घाला. कोणी कोणाला मारले हे कळण्यासाठी वाक्य दुसऱ्यांदा वाचावे लागले की वेग संपला.

माहिती सांगण्याचा जुना घोटाळा म्हणजे पोथी वाचून दाखवणारे सिद्धपुरुष. सहा पाने इतिहास, आणि मधल्या काळात राक्षस बाहेर शिस्तीत थांबलेला. नियम चुकीतून कळू द्या. शंभर पावलांचा नियम कोणी सांगू नये; एकदा जागल्या शेजारच्या खोलीतल्या झोपलेल्याकडे जातो, दुसऱ्यांदा रस्त्यापलीकडच्याकडे जात नाही, आणि सायली बाहेर जाऊन पावले मोजते. लागलाच तर पूर्वेतिहास एका वेळी दीडशे शब्दांपेक्षा जास्त नको, तोही कोणीतरी घाईत असताना. इराक-इराणकडच्या जुन्या घरांच्या उंबरठ्यांखाली, आतून मंत्र लिहिलेली मातीची भांडी पालथी पुरलेली सापडतात, साधारण पाचव्या ते आठव्या शतकातली, दुष्ट शक्तींना अडवण्यासाठी ठेवलेली. असा एक तपशील एका वाक्यात येऊन गेला तर पाच पानांच्या दंतकथेचे काम करतो.

आकाराबद्दल थोडक्यात. ९०,००० वरून ७०,००० शब्दांवर या. एका प्रसंगाला १,२५० धरले तर ५६ प्रसंग होतात, आणि छापील पानाला २८० ते ३०० शब्द मोजले तर २३३ ते २५० पाने. राक्षसाचे पहिले कृत्य पहिल्या १,५०० शब्दांत, पहिला नियम १०,००० च्या आत, अर्धवट नियमाची किंमत ३५,००० च्या आसपास, आणि शेवटचे १२,००० शब्द जवळजवळ घड्याळाबरोबर चालणारे. प्रत्येक प्रसंगाच्या माथ्यावर 'तास ४१', 'तास ४२' असे घातले तर 'वेळ कमी आहे' हे कोणाला ओरडून सांगावे लागत नाही. प्रकरणाच्या शेवटी दार उघडते आणि आत मांजर निघते, हा खेळ अख्ख्या पुस्तकात एकदा चालतो. दुसऱ्यांदा वाचकाचा विश्वास जातो, आणि मग खऱ्या दारालाही तो घाबरत नाही. प्रत्येक लढाईनंतर पाच-सहाशे शब्दांचा शांत प्रसंग ठेवा, ज्यात गेले ते मोजले जाते. वेगाच्या नावाखाली हे प्रसंग कापणारे लेखक पुस्तक संथ करतात, कारण किंमत कळली नाही की पुढची लढाई फुकटची वाटते.

पुनर्लेखनाला बसताना एक मोठा तक्ता आखा. रकाने: कितवा तास, चौघांपैकी कोण किती तास जागे, जागल्या कोणात आणि मुदत किती उरली, चौघांना कोणते नियम ठाऊक, आणि काय गमावले. ५६ प्रसंग, ५६ ओळी. दोन गोष्टी लगेच उघड्या पडतील: कोणीतरी ७० तास जागे असूनही ताजेतवाने बोलते आहे, आणि सलग चार ओळींत शेवटचे दोन रकाने रिकामे आहेत. ते चार प्रसंग म्हणजेच वाचणाऱ्यांनी पुस्तक खाली ठेवले ती जागा.

शेवटच्या लढाईत काही वाटत नाही, कारण तिथे फक्त 'राक्षसाला मारणे' हे काम असते. जागल्याच्या बाबतीत बघा. निनादच्या शरीरात त्याचे ५८ तास संपत आले आहेत; निनाद निर्जन जागी बांधलेला आहे आणि आसपास कोणी झोपलेले नसेल तर निनादचे हृदय ३४८ सेकंद थांबेल. छाती दाबत राहिले, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, तर मेंदूला थोडे रक्त पोचते. पण हे करणारे तिघे कोसळायला आलेले. जागल्या एका शरीरात असताना बाकीच्यांना बिनधोक झोपता येते हे त्यांना पन्नासाव्या तासाला कळते. रेवा तेवढ्यात दोन तास झोपून घेते, मुदत संपायला दहा मिनिटे उरली असताना उठते, आणि शेवटच्या मिनिटाला भूलतज्ज्ञ सायली तिला शिरेतून भूल देते. जागल्याला रेवात जावेच लागते. निनाद सुटतो. रेवाची मुदत दहा मिनिटे, म्हणजे हृदय थांबणार एक सेकंद.

आता जागल्याला एकच करायचे आहे: दहाव्या मिनिटाला शंभर पावलांत कोणीतरी झोपलेले किंवा बेशुद्ध हवे. बाकीच्यांना एकच करायचे आहे: जागे राहणे, आणि रेवाला इजा होऊ न देणे. भूल उतरेपर्यंत शरीर जड, जीभ तेवढी चालते. म्हणून पहिली चार मिनिटे मारामारी नाहीच. बापू ६२ तास जागा आहे, भिंतीला टेकलेला, आणि रेवाच्या आवाजात ते अंगाई म्हणू लागते. तोंड दाबायला गेलेल्या सायलीचे बोट चावले जाते. निनादला अजून नीट उभे राहता येत नाही. पाचव्या मिनिटाला हात हलू लागतात आणि मग सलाइनचा लोखंडी स्टँड, जो आपण तीन प्रसंग आधी दाखवून ठेवला आहे. हे ५,००० शब्द चार प्रसंगांत मोडा, प्रत्येकाच्या माथ्यावर मिनिट टाका, आणि एकही नवा नियम आणू नका. नवा मंत्र, आयत्या वेळी जागी झालेली शक्ती, प्रेमाचा प्रकाश यांतले काहीही आले तर आधीची दोनशेहून जास्त पाने वाया गेली.

त्यानंतर १,५०० शब्दांत संपवा. निनादला अठ्ठावन्न तास आठवत नाहीत आणि त्याच्या हातांवर दोऱ्यांचे वळ आहेत. ते हात कोणी बांधले हे त्याला कोणीतरी सांगायचे आहे. बापू खुर्चीतच झोपला आहे, आणि त्याला उठवायला उठलेली सायली अर्ध्या वाटेत थांबते, आणि त्याला झोपू देते.